घोंगडीवरचं खरं

व्यवस्थापक महादेवप्पा मेव्हण्याच्या लग्नाला बार्शीला गेले, तेव्हा बोर्डिंगात उरली ती जायला घर नसलेली पोरं. म्हणजे घरं होती, पण त्यांना कुलपं होती. दुष्काळाचं साल. आईबाप कुठल्यातरी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि तिथंच पाल ठोकून राहत होते. पोरानं सुट्टीत तिकडं जायचं म्हणजे अर्ध्या भाकरीला आणखी एक तोंड. ज्यांच्या बापाची आडत होती, पेढी होती, ती पोरं परीक्षा संपल्याबरोबर ट्रंका घेऊन गेली. बाकीची सोलापुरातच, दगडी भिंतींच्या त्या इमारतीत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात भाजत राहिली.

"दोन दिवसांत येतो," महादेवप्पा जाताना म्हणाले. "भांडू नका. कोठीची किल्ली सोमलिंगकडं हाय. तो थोरला हाय, त्याचं ऐका."

स्वयंपाकीण गौरम्मा आधीच लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटकडं गेलेली. महादेवप्पांचे दोन दिवस काही संपेनात. लग्नाच्या पंगती लांबल्या असतील, नाहीतर आंबरसाच्या असतील. ट्रस्टी मंडळींपैकी कुणी फिरकलं नाही. गावभर दुष्काळ निवारणाच्या सभा चालल्या होत्या, तिथं त्यांना गळ्यात हार घालून बसायचं होतं. दालनातल्या भिंतीवर संस्थापकांची तसबीर तेवढी होती, तिच्या हाराच्या वाळून काड्या झालेल्या. ती बघत होती सगळं. तसबिरीला बघण्यापलीकडं काय येतं?

पहिल्याच सकाळी पाण्याचा माठ फुटला. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, पोरांनी रेटारेटी करून आणलेलं पाणी होतं ते. माठ कुणी फोडला म्हटल्यावर ह्यानं त्याच्याकडं बोट दाखवलं, त्यानं ह्याच्याकडं. सोमलिंग उठला आणि हाताला लागेल त्याला झोडायला लागला. सोमलिंग अंगानं दांडगा, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, मोहोळकडचा. त्याचा हात पडला की पोरगं भिंतीला जाऊन लागायचं.

"असं मारून कळतंय व्हय?" बिरप्पा म्हणाला.

बिरप्पा सांगोल्याकडच्या धनगराचा. मिसरूड फुटायला अजून वेळ होता, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं. त्यामुळं पोरं त्याला आजा म्हणत.

"मग कसं कळतंय, आजा? तू सांग," सोमलिंग म्हणाला.

बिरप्पा आत गेला आणि ट्रंकेवरची आपली काळी घोंगडी घेऊन आला. दालनाच्या मधोमध ती चौघडी अंथरली. स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणून तिच्यावर टाकली आणि बिरोबाचं नाव घेतलं. मग सांगितलं. त्याचा आजा सिद्धाप्पा वाड्यावस्त्यांचे तंटे सोडवायचा. मेंढरू कुणाचं, रान कुणी चारलं, बाई कुणी पळवली, सगळं. मधे अशी घोंगडी असायची. बोलायचं त्यानं घोंगडीवर बसून बोलायचं. बसलेल्याला मधे कुणी तोडायचं नाही. आणि घोंगडीवर बसून खोटं बोलता येत नाही.

"बोललं तर?" लहानग्या वीरभद्रप्पानं विचारलं.

"बोलताच येत न्हाई," बिरप्पा म्हणाला. "जीभच उचलत न्हाई."

त्याला असंच सांगितलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वास होता. आज्याच्या घोंगडीवर खोटं बोललेला माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. का नव्हता पाहिला? तर आजूबाजूला सगळी वस्ती बसलेली असायची, कुणाचं मेंढरू कुठल्या बांधावर होतं ते प्रत्येकाला ठाऊक असायचं, आणि घोंगडीवरच्याच्या जिभेपेक्षा त्या बसलेल्यांच्या डोळ्यांचा धाक मोठा होता. पण हे पोराला कोण सांगणार? पोरानं घोंगडी तेवढी पाहिली.

पोरं हसली. तरीही एकेक जण येऊन बसला. सगळ्यांत शेवटी वीरभद्रप्पा बसला आणि बसल्याबरोबर रडायलाच लागला. "मी फोडला. झोपेत उठलो, पाय लागला."

हसणं थांबलं. सोमलिंगनं त्या पोराला मारलं नाही. "आयला, लई भारी हाय की ही तुझी घोंगडी," एवढंच म्हणाला आणि तिच्याकडं बघत राहिला.

आज्याच्या वस्तीवर निवाडा झाला की घोंगडी लगेच झटकून खांद्यावर जायची. बिरप्पानं ती उचलली नाही. तिथंच राहू दिली. येताजाता पोरं तिला पाय लागू नये म्हणून वळसा घालत होती, आणि ज्या पोराला शाळेत कुणी मेंढक्या म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती, त्याला ते बघून गार वाटत होतं.

दिवस तसे बरे गेले. पाणी कुणी आणायचं, रेशनवरच्या अमेरिकन मिलो ज्वारीच्या त्या लाल भाकरी कुणी थापायच्या, सगळं घोंगडीवर ठरायचं. भाकरी थापायला मडिवाळप्पा चांगला होता. अक्कलकोटच्या खालचा, परटाचा पोरगा. कानडी पटपट बोलायचा आणि मराठी अडखळत. पोरांचे कपडेही तोच धुवायचा. साबण कुठला आलाय, चुलीतली राख घेऊन धुवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला आपण फुकट खातो असं सारखं ऐकवलं जातं, तो असा न सांगता राबत असतो.

पुढं काय झालं, तर सोमलिंग घोंगडीवर बसायला लागला. आधी काही सांगायचं असलं की बसायचा, मग सांगून झाल्यावरही बसून राहायचा. तिथंच जेवायचा. कुणाला काही बोलायचं असलं तर म्हणायचा, "थांब की, माझं झालं न्हाई अजून." झालं नाही म्हटल्यावर मधे तोडता येत नव्हतं. बिरप्पानंच तसं सांगितलं होतं.

कोठीत गुळाची एक ढेप होती. बसवजयंतीला पोरांना वाटायची म्हणून एका ट्रस्ट्यानं पाठवलेली, आणि वाटताना तो ट्रस्टी स्वतः उभा राहणार म्हणून महादेवप्पांनी बजावलं होतं, ढेपेला हात लागला तर ज्याचा लागला त्याचं नाव बोर्डिंगातून कापीन. एका दुपारी बिरप्पा मोरीकडं निघाला होता. कोठीचं दार लोटलेलं होतं. फटीतून त्याला सोमलिंग दिसला. पोत्याला टेकून खाली बसलेला, दोन्ही हातांनी गूळ तोंडात कोंबत होता. डोळे मिटलेले. त्याच्याकडं बघून बिरप्पाला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. उपाशी कुत्रं खाताना दिसलं की आपण जसे आवाज न करता बाजूला होतो, तसा तो झाला. सोमलिंगचं अंग दुप्पट आणि भाकरी सगळ्यांएवढीच. हे काय दिसत नव्हतं कुणाला?

दुसऱ्या दिवशी ढेपेचा कोपरा गेलेला सगळ्यांनीच पाहिला. सोमलिंग घोंगडीवर मांडी घालून बसला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. दोनदा नापास झालेल्याला ठेवायचं की नाही, हे ट्रस्टींच्या सभेत आधीच निघालं होतं. त्याला काढायला एक निमित्त पुरणार होतं. बाप कामावरच मेलेला, आई मुकादमाच्या दारात पडेल ते काम करून राहिलेली.

"गूळ मडिवाळप्पानं खाल्ला," तो म्हणाला. "मी बघितला. राख न्यायला येतोय आणि मी कोठी उघडी ठेवली की आत शिरतोय."

"नानल्ल," मडिवाळप्पा म्हणाला. मी नाही. मग मराठीत म्हणाला, "मी न्हाई. देवाशपथ न्हाई."

"तू खाली उभा हाईस. मी घोंगडीवर हाय."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. सोमलिंग घोंगडीवर होता हे खरंच होतं. आणि तिथं बसून खोटं बोलता येत नाही.

बिरप्पा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं वाट बघितली. आता सोमलिंगची जीभ अडखळेल. आता त्याला ठसका लागेल. बिरोबा आत्ता काहीतरी करील. सोमलिंग पायाच्या अंगठ्याची साल काढत बसला होता. काहीच होत नव्हतं. मग बिरप्पाला वाटायला लागलं, आपण काल नेमकं काय बघितलं? गूळच होता का? का भाकरीचा तुकडा? उन्हातून आलो होतो, डोळ्यांपुढं अंधारी असते. आत अंधार होता. एखादा माणूस देवाच्या जागेवर बसून बोलतो आणि आपण आपल्याच डोळ्यांना खोटं पाडायला निघतो, तसं त्याचं झालं.

"ह्याला ठेवला तर सगळ्यांचं नाव कापतील," सोमलिंग म्हणाला. "ह्यानं आजच जायचं. बांध गठुडं."

"कुटं जाऊ?" मडिवाळप्पानं विचारलं. "आई कुठल्या कामावर हाय, मला ठावं न्हाई. दर टायमाला जागा बदलतीया."

त्यानं आतून गठुडं आणलं. त्यात ताटली होती, ती वाजत होती. दारापाशी येऊन तो थांबला. बोर्डिंग गेलं म्हणजे शाळा गेली, मग ह्या पोराच्या हाती खडी फोडणंच उरणार हे त्या दालनातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण तेच प्रत्येकाचं होणार होतं.

"मला बसू द्या घोंगडीवर," तो म्हणाला. "मला तितं बसून सांगू द्या."

"चोराला बसवत न्हाईत." सोमलिंग हलला नाही. "काय रे आजा? तुझ्या वस्तीवर चोराला बसवत्यात का?"

सगळे बिरप्पाकडं वळले. आता उत्तर त्याचं होतं. त्याच्या वस्तीवर आधी आरोप ज्याच्यावर असेल त्यालाच बसवत. ते सांगितलं तर सोमलिंग उठला असता का? उठला नसता. आणि मडिवाळप्पा बसला असता तर एक घोंगडी, दोन खरी. मग घोंगडीचं काय राहिलं? आज्याचं काय राहिलं? मेंढक्याला आजा म्हणणारी ही पोरं उद्या काय म्हणतील?

मडिवाळप्पानं गठुडं खांद्यावर घेतलं.

"सोमलिंगनं खाल्ला गूळ," बिरप्पा म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्यानं परत सांगितलं. "मी बघितला. कोठीच्या दारातनं. काल दुपारी."

"खाली उभा राहून बोलतोयस तू," सोमलिंग म्हणाला.

"व्हय. खाली उभा राहूनच."

"मग ते धरायचं न्हाई. तूच सांगितलंस."

"मी चुकीचं सांगितलं. घोंगडीवर बसून खोटं बोलता येतंय. तू बोललास की आत्ता. काय झालं तुला?"

बिरप्पाला वाटलं, बिरोबा कोपणारच असेल तर आता आपल्यावर कोपेल. तेही झालं नाही. बाहेर कावळा तेवढा ओरडत होता.

मग वीरभद्रप्पा, तो माठवाला, पुढं आला. खालीच बघत म्हणाला, "मला पण दिला त्यानं गूळ. कुणाला सांगू नको म्हणाला." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "गोड होता."

कुणीतरी हसलं आणि ते हसणं लगेच वाकडं झालं. सोमलिंगचा मार खाल्लेली पोरं होती ती. एकानं भाकरी थापायची लाकडी काटवट उचलली, दुसऱ्यानं चुलीतलं लाकूड. सोमलिंग घोंगडीवरून उठला आणि तसबिरीखाली भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एवढा दांडगा गडी, पण हात वर केला नाही.

"भूक लागली होती रे," तो म्हणाला. "लई लागती मला. तुमाला लागती त्यापेक्षा लई."

"आजा, तू बस," काटवटवाला म्हणाला. "बस घोंगडीवर आणि सांग ह्याचं काय करायचं. तू सांगशील ते."

घोंगडी मोकळी होती. सगळे त्याच्याकडं बघत होते, मेंढक्या म्हणणारेसुद्धा, आणि बिरप्पाला बसावंसं वाटलं. खोटं कशाला बोला, फार वाटलं. तिथं बसून 'हाकला ह्याला' एवढंच म्हणायचं होतं. सोमलिंग उन्हात गेला असता, किल्ली बिरप्पाच्या कमरेला आली असती, आणि ट्रस्टी आले की त्यांनी त्याचीच पाठ थोपटली असती. त्यानं एक पाऊल टाकलंसुद्धा.

"न्हाई," तो म्हणाला. "मी बसलो तर मी पण खोटं बोलीन."

"मग काय करायचं?"

"मला काय ठावं. बसून बोलू की सगळे. खालीच बसू."

कुणाला पटलं नाही. काटवट हातात तशीच होती. असं कुठं असतं का, कुणीतरी सांगितल्याशिवाय? पोरं ताटकळली. दारात मडिवाळप्पा अजून गठुडं घेऊनच उभा होता. सगळे त्याला विसरले होते, ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्यालाच.

"ती काटवट आण हिकडं," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? भाकरी कशावर थापू, तुझ्या टाळक्यावर?"

काटवट त्याच्याकडं गेली. चुलीतलं लाकूड चुलीत गेलं. पीठ काढायला कोठी उघडायला हवी होती. सोमलिंगनं कमरेची किल्ली सोडून फरशीवर ठेवली. ती कुणी लगेच उचलेना, मग वीरभद्रप्पानंच उचलली आणि पळत जाऊन दार उघडलं. बिरप्पानं घोंगडी झटकली. हळदीचा धुरळा उडाला, दोन पोरं शिंकली. खांद्यावर टाकून तो पाणी आणायला गेला.

पोरं भिंतीकडेनं ओळीनं जेवायला बसली. सोमलिंग ओळीत आला नाही. दूर खांबापाशी बसला, पुढं ताटली न घेता. कुणी त्याला हाक मारली नाही. ट्रस्टींना काय सांगायचं, नाव कुणाचं जाणार, हे काहीच सुटलं नव्हतं, आणि गूळ खाल्ला होता तो खाल्लाच होता.

भाकरी थापून झाल्यावर मडिवाळप्पानं गठुड्यातली आपली ताटली काढली. ओळीत जागा होती. तिकडं न जाता तो खांबापाशी गेला. त्यानं भाकरी मोडून अर्धी ताटलीत ठेवली, अर्धी हातात घेतली.

"सरक की," तो सोमलिंगला म्हणाला. "सगळा खांब तूच धरलायस."

सोमलिंग सरकला.