उसासा की भीती

ओन्नोचं काहीतरी काळंबेरं आहे, याबद्दल हिल्केला आता शंकाच उरली नव्हती.

ग्रोनिंगन विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघं बरोबरच पीएच.डी. करत होती. पडद्यावर निळा चौकोन आला की समोरच्या माणसाच्या मनगटाला हलका झटका द्यायचा. मग पुढे नुसता चौकोन पाहूनच त्याच्या बोटांना घाम फुटतो आणि आलेखाची रेघ वर चढते. ती त्याची भीती. वसंतातले आलेख हिल्केने वाचले होते. शरदात तीच माणसं पुन्हा बोलावली, तेव्हाचे आलेख ओन्नोने वाचले. आणि दोघांचे आकडे एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते! वसंतातला भित्रा शरदात वाघ, आणि वाघाची शेळी. माणसाची भीती टिकून राहते, असं तिचा प्रबंध सांगणार होता. तोच बुडायची वेळ आली.

चुकणार कोण? अर्थात ओन्नो. चीज लावलेला ब्रेड खात खात आलेख वाचणारा माणूस तो!

तिने सापळा लावला. त्यानेच वाचलेले काही आलेख क्रमांक बदलून नव्या गठ्ठ्यात सरकवले. आकडे जवळजवळ तेच आले, म्हणजे त्याच्या वाचनात खोट नव्हती. हिल्केचा चक्क विरस झाला.

"ओळखलेस ना ते आलेख?"

"कुठले?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. तुझेच जुने होते."

"अस्सं! चोर पकडायला निघालीस होय?" ओन्नो हसला, पण जरा जपूनच. "मग आता तुझी पाळी. वसंतातले तुझे आलेख क्रमांक झाकून देतो."

"दे की. कर नाही त्याला डर कशाला?"

ती वाचत गेली. ओन्नोने कॉफी आणली, एकेक बिस्किट काढलं आणि डबा बंद केला. तिने क्रमांक उघडले आणि आपले जुने आकडे शेजारी ठेवले. वसंतात जिथे जिथे तिने भीती लिहिली होती, तिथे आज तिला त्या माणसाने टाकलेला साधा उसासा दिसत होता. उसाशानेही रेघ चढते, हे ती स्वतःच नव्या मुलांना शिकवायची. तेव्हा तिला भीती हवी होती, म्हणून ती दिसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"मेपासून. तुझे थोडे गुपचूप वाचून पाहिले होते."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर मीच खोटा ठरलो असतो. मग तू माझ्यावर पाळत ठेवायला लागलीस. म्हटलं, बरं झालं, एवढी संशयी बाई एक दिवस स्वतःवरही संशय घेईल." ओन्नोने कप उचलला. "वाट बघून थकलो, हिल्के. शेवटी मलाच आलेख पुढे करावे लागले."