घोरणाऱ्या सरूबाईंच्या शेजारी

आई गेल्यापासून संघमित्राची झोप उडाली होती. दुःख म्हणावं, तर तेही होत नव्हतं. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावावीत, तसे दिवस चालले होते. परवा दोन नळ्यांची लेबलं उलटी लागली. सिनियरने वेळीच पाहिलं. "झोपेचं काहीतरी कर. पुन्हा झालं तर मला वर कळवावं लागेल."

म्हणून अंधेरीतल्या दवाखान्यातला हा ध्यानाचा वर्ग. सगळे चटयांवर आडवे व्हायचे आणि श्वेता मॅडम रेकॉर्डिंग लावायच्या: श्वास आत, श्वास बाहेर. तेच रेकॉर्डिंग संघमित्राने घरीही लावून पाहिलं होतं. घरी छाती आवळायची. इथे जमायचं, आणि का ते तिला ठाऊक होतं. शेजारच्या चटईवर सरूबाई घोरायच्या.

सरूबाई खारदांड्याच्या. पहाटेपासून मासळीच्या मागे, त्यात ब्लडप्रेशर. डोळे मिटले की संपलं. लांब खरखर, मग थांबणं, मग सुटलेला उसासा. संघमित्राचा श्वास त्या आवाजामागून चालायचा. आईही अशीच घोरायची. तेव्हा संघमित्रा कानावर उशी दाबून घ्यायची.

आज बँकेतले राजेश वैतागले. "मॅडम, हे ध्यान आहे की डुलकी?"

सगळे हसले. श्वेता मॅडम अवघडल्या. "सरूबाई, तुम्हाला हे मोबाईलवर पाठवते. घरी निवांत करा."

"घरात निवांत? सून मिक्सर लावून बसते बाई!" सरूबाई चटई गुंडाळू लागल्या.

"त्यांना राहू द्या," संघमित्रा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने कुणाकडे काही मागितलं होतं. "त्या घोरतात, तेव्हाच मला श्वास घेता येतो."

कुणी हसलं नाही. राजेश आपली चटई उचलून खिडकीशी गेले.

"बघा!" सरूबाई परत आडव्या झाल्या. "जवळ ये गं. लाथ नको मारू फक्त."

रेकॉर्डिंग सुरू झालं. खरखर. थांबणं. उसासा.

कुणीतरी खांदा हलवला. खोली रिकामी होती. सरूबाई पदर खोचत उभ्या होत्या.

"ऊठ पोरी. केवढी घोरतेस! माझी झोपमोड केलीस."

संघमित्रा उठून बसली. गालावर चटईचे वळ होते. रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही.

"आई घोरायची," ती म्हणाली.

"मग? लेक कोणाची तू!"

संघमित्राने चटई गुंडाळली. तिला भूक लागली होती.