तिसऱ्या टेबलावरच्या नऊ सुया

सभागृहाच्या दारावर चिकटवलेला कागद मी दोनदा वाचला. महिन्यापूर्वी टपालाने आलेल्या पत्रकात आजचा विषय होता ‘मान आणि खांदा’. आता दारावरच्या या कागदावर त्याच्या वर कुणीतरी हाताने एक ओळ वाढवली होती : ‘सकाळच्या तासाला मनगट आणि अंगठा’.

मी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

माझी लेक कोतोहा आठ महिन्यांची झाली होती. तिला दिवसातून पन्नास वेळा काखेत धरून उचलता उचलता माझा अंगठा मनगटापाशी कामातून गेला होता. बरणीचं झाकण फिरवताना कळ यायची, तिच्या झबल्याची नाडी सोडताना कळ यायची. माझा धंदा अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचण्याचा. सगळा जीव या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात. मी घरी कुणाला बोलले नव्हते, दवाखान्यात तर नाहीच. दवाखाना निशिगाकीबाईंचा. रजेनंतर त्यांनी मला परत घेतलं होतं ते ‘बघू’ या एका शब्दावर.

“रविवारचा वर्ग करून ये, सेगावा,” त्या म्हणाल्या होत्या. “मंगळवारी ठरवू, तुला खाट द्यायची की काउंटर.”

खाट म्हणजे पेशंट, सुया, माझं काम. काउंटर म्हणजे फोन घ्यायचे आणि लोकांच्या ओल्या छत्र्या सांभाळायच्या.

आणि नेमका आजच्याच दिवशी अंगठा! हे कुणी सुचवलं?

संघटनेचे हे वर्ग वर्षातून चारदा होतात. वीस-वीस वर्षं धंद्यात मुरलेली माणसंही येतात, डबे घेऊन येतात, एकमेकांना टोचून घेतात आणि एकमेकांच्या हातांना नावं ठेवत घरी जातात. आमच्या मात्सुए गावातले बहुतेक चेहरे माझ्या ओळखीचे. तिसऱ्या टेबलापाशी उभा असलेला माणूस मात्र नवा होता. चाळिशीचा, मानेवर रुळणारे केस, बँडमध्ये वाजवणाऱ्या मंडळींसारखे.

“या, सेगावा-सान,” तो म्हणाला. “मी मिझोगुची. आज आपली जोडी.”

मी अजून नावाचा बिल्लासुद्धा लावला नव्हता.

“तुम्हाला माझं नाव कसं माहीत?”

“मात्सुए केवढंसं आहे हो!” असं म्हणून तो हसला, खुर्चीत बसला आणि खिशातून एक छोटी वही काढून मांडीवर ठेवली.

शिकवायला इवाकुरा सेन्सेई होते. शहात्तर वर्षांचे, लहानपणापासून दृष्टी नाही. त्यांच्या हाताखालून आमच्या गावातल्या निम्म्या सुईवाल्यांचे हात तयार झालेले. काठी टेकवत ते पुढे आले आणि थांबून त्यांनी वास घेतला.

“उपस्थिती चांगली आहे. आणि कुणीतरी मुळ्याचं लोणचं आणलंय. जेवताना मला विसरू नका.”

सगळे हसले. मग त्यांनी मूठ वर केली.

“अंगठा आत घ्या. त्यावर बोटं मिटा. आता मनगट करंगळीकडे झुकवा. ओरडलात तरी चालेल, इथे सगळे घरचेच आहेत.”

तीस माणसांनी तीस मुठी झुकवल्या. मीही झुकवली. मनगटापासून कोपरापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं. मी शेजारणीकडे बघून हसले. मिझोगुची माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

“दुखलं त्यांनी हात वर करा आणि नाव सांगा.”

दोघांनी केला. एक फावल्या वेळात सोबाच्या शेवयांचं पीठ मळणारे आजोबा, आणि एक ज्यूदो शिकवणारी मुलगी.

“दोनच?” सेन्सेई म्हणाले. “मला तीन श्वास अडकलेले ऐकू आले.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचा तासभर त्यांनी सांगितलेलं मी एका कानाने ऐकलं : सुजलेल्या नसेच्या अगदी जवळ जाऊ नका, दंडाकडून वळसा घ्या, तीन आठवडे अंगठ्याला पट्टी बांधा. “आणि बाळाची आई आली तर सुईच्या आधी विचारा, उचलतेस कशी? अंगठे फाकवून काखेत घालत असेल. तिला सांगा, तळवे वर कर, वाडगा उचलावा तसं खालून घे.” हे ते कुणाला सांगत होते? सगळ्यांना, की मला? त्यांचा चेहरा माझ्याच दिशेला होता. पण त्यांचा चेहरा कुठेही असला तरी असंच वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत मी मोरीत जाऊन साठलेलं दूध काढून छाती मोकळी केली आणि सासूबाईंना फोन लावला.

“खाल्लं का तिने?”

“खाल्लं म्हणजे? अर्धा भोपळा माझ्या चष्म्यावर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तू कर तुझं. ही बसलीय दाराकडे बघत. दाराचा आवाज झाला की हात वर करते, पोस्टमनलासुद्धा केले.”

फोन ठेवून निघाले तर जिन्याच्या कोपऱ्यावरून आवाज आला. मिझोगुचीचा.

“हो, बघितलं ना. उजवाच... नाही, तिला अजून काही बोललो नाही. संध्याकाळी सांगतो, बाई.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. या गावात सगळे ज्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात अशा किती बायका असतील? मला एकच माहीत होती.

दुपारी प्रात्यक्षिक सुरू झालं. आमच्याकडे एक शिरस्ता आहे आणि त्यात कुणी सूट घेत नाही. प्रत्येकाला दहा सुयांचं पाकीट आणि स्टीलची एक वाटी मिळते. टोचून झालं की मोठ्याने म्हणायचं, ‘दहा आत’. काढून वाटीत टाकल्या की म्हणायचं, ‘दहा बाहेर’. सगळ्या टेबलांचं ‘बाहेर’ आल्याशिवाय दार उघडत नाही. आमच्या धंद्यातली मोठी चूक म्हणजे चुकीच्या जागी टोचणं नव्हे, टोचलेली विसरणं.

मिझोगुची टेबलावर पालथा झोपला, तोंड श्वासासाठी ठेवलेल्या भोकात. मी बारीक नळी त्याच्या खांद्यावर धरली, आत सुई सोडली आणि बोटाने टिचक्या मारल्या. टक, टक, टक. अंगठा ठणकत होता, पण चालला. दुसरी. तिसरी. सहाव्या सुईला माझ्या कपाळावर घाम होता. दहावी मानेवर, केसांच्या कडेला. नळी धरली आणि अंगठा नुसता ढेपाळला, जणू माझा नव्हेच. मी आजूबाजूला पाहिलं. सेन्सेई लांब होते, मिझोगुचीचं तोंड भोकात. मी नळी पटकन डाव्या हातात घेतली. टक, टक.

“दहा आत.”

पंधरा मिनिटांनी मी काढायला घेतल्या. डावा खांदा, पाठ, उजवा खांदा. सुई वाटीत पडली की बारीक टिण्ण वाजायचं. सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, हा माणूस संध्याकाळी काय सांगणार.

“दहा बाहेर,” मी म्हटलं.

तो उठला, सदरा घातला, कॉलर नीट केली आणि चहाच्या टेबलाकडे गेला. मी वाटी पुढे सारली.

“तिसरं टेबल,” सेन्सेईंचा आवाज आला. “परत मोजा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी मोजल्या. परत मोजल्या.

“किती?”

“नऊ.”

“मलाही नऊच ऐकू आल्या.”

दाराशी बसलेली संघटनेची एक बाई उठून दाराला पाठ लावून उभी राहिली. माणसं आपापल्या खुर्च्यांखाली बघू लागली. कुणी चुंबक आणलं. मिझोगुची चहाचा पेला ठेवून धावत आला. उठताना याने वाटीशेजारी हात टेकला होता. मी पाहिलं होतं. एक सुई उचलायला कितीसा वेळ लागतो? अंगठा दुखतो एवढंच याने सांगितलं तर निशिगाकीबाई मला काउंटरवर बसवतील की नाही, सांगता येत नाही. पण सेगावा सुया मोजत नाही, हे सांगितलं की विषयच संपला.

मी त्याच्या खिशाकडे बघतेय हे त्याला कळलं असावं.

“खिसे बघायचेत का, सेगावा-सान?”

“दाखवा.”

कुणीतरी “अहो...” म्हणालं. त्याने खिसे उलटे केले. रुमाल, तांदळाच्या पापडीचा तुकडा, वही. वही टेबलावर उघडी पडली. वर माझं आडनाव होतं. खाली लिहिलं होतं : उजवा अंगठा, मूठ झुकवताना श्वास रोखला, हसली.

मला रडू यायच्या आधी राग आला. आता सगळ्यांसमोर विचारणार होते, तुम्ही कोण, कुणासाठी हे लिहिता, आणि सुई कुठे लपवलीत. तेवढ्यात तो टेबलाखाली बघायला वाकला. मानेवरचे केस पुढे सरकले. केसांच्या कडेला, उजव्या बाजूला, हिरव्या रंगाची तांदळाएवढी मूठ. सुईची.

डाव्या हाताने टोचलेली. माझ्या हाताच्या सवयीच्या रांगेत न बसलेली.

बाकी कुणी पाहिलं नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते. त्याच्या मानेवर धागा लागलाय असं म्हणून मी हात लावला असता, सुई बोटांत आली असती, ती फरशीवर पडली असती आणि मी ओरडले असते, सापडली! खुर्चीखाली सापडली! माझा हात तसा निघालाही होता.

कोतोहा झोपताना माझ्या मानेत तोंड खुपसते. बरोबर तिथेच, केसांच्या कडेला, उजवीकडे. उद्या माझ्या खाटेवर कुणाची तरी आई येईल. ती घरी जाईल, मानेत माझी विसरलेली सुई घेऊन, आणि तिचं लेकरू तिथे गाल टेकेल.

“सेन्सेई,” मी म्हटलं, “सुई यांच्या मानेत आहे. मीच विसरले.”

मिझोगुची वाकलेलाच थांबला.

“डाव्या हाताने टोचली होती. माझा उजवा अंगठा चालत नाही, दोन महिने झाले. आणि मी न मोजताच दहा म्हटलं.”

मी कापूस दाबून सुई काढली. वाटीत टाकली. टिण्ण. ती इतक्या लांबपर्यंत ऐकू गेली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“मानेत?” मिझोगुची मान चोळत म्हणाला. “काय सांगता! मी चहा पिऊन आलो, पापडी खाऊन आलो!”

“कळलं नाही तुला?” सेन्सेईंनी विचारलं.

“अजिबात नाही.”

लोक हसले, पण जपून. सेन्सेई काठी टेकत आमच्या टेबलापर्यंत आले. त्यांनी हात पुढे केला, मी माझा दिला. त्यांची बोटं मनगटावरून सरकत नेमकी दुखऱ्या जागेवर येऊन थांबली.

“तिसरा श्वास तुमचा तर.” मग माझी डावी बोटंही दाबून पाहत, “डावा हात चांगला आहे. मोजणं वाईट आहे. हाताचं तीन आठवड्यांत निघेल. मोजण्याचं तुमचं तुम्ही बघा.”

नंतर मिझोगुचीने माझ्या मानेला सुया लावल्या. प्रत्येक सुई काढताना तो आकडा म्हणत होता, आणि शेवटी त्याने वाटी माझ्या नाकापुढे धरून पुन्हा मोजून दाखवल्या. टोमणाच तो.

बूट घालताना मी विचारलं, “निशिगाकीबाईंनी पाठवलं ना तुम्हाला?”

“हो.” त्याने लपवलं नाही. “त्यांना माणूस हवाय. तुमचा हात कसा आहे ते बघून ये म्हणाल्या.”

“आणि सकाळचा विषय?”

“तो मी सुचवला. म्हटलं, त्यांना माझ्याकडून कळायच्या आधी तुम्हाला सेन्सेईंकडून उपाय तरी कळू दे.”

हा चांगुलपणा होता की चलाखी, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याने संध्याकाळी फोन करायच्या आधी मी तिथूनच बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, वाटीतल्या नऊ सुयांसकट.

“दोन आठवडे झाले, किटली डाव्या हाताने उचलतेस,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाही असं वाटलं?”

“मग विचारलं का नाहीत?”

“सांगतेस का ते बघत होते. आणि तू? किती दिवस लपवणार होतीस?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तीन आठवडे काउंटर. तुझी खाट मिझोगुची बघेल. मग ये आणि मला मोजून दाखव.”

“तीनच ना, बाई?”

“अंगठा बांध आधी,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. हो म्हणाल्या नाहीत. तीनच असतील का, की मिझोगुचीची वही तोवर त्या खाटेखालच्या खणात जाऊन बसेल? बसमध्ये तळ्याच्या कडेकडेने घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होते.

दाराचा आवाज झाला तसे कोतोहाने हात वर केले. मी खाली बसले, तळवे वर केले आणि वाडगा उचलावा तसं तिला खालून घेतलं. तिने कपाळाला आठी घातली. माझ्या तोंडाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, परत तोंडाकडे बघितलं. उचलणारी बाई तीच आहे, पण उचलणं हे नव्हे, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं.

“ही बघ, तुझ्यावर संशय घेतेय,” सासूबाई पुन्हा चष्म्यावर आलेला भोपळा पुसत म्हणाल्या.

मग एकदाचं तिला पटलं. ती तोंड खुपसायला माझ्या मानेकडे सरकली. मी तिला अर्ध्यात थांबवलं आणि आधी डाव्या हाताने माझ्या केसांची कड कानापासून कानापर्यंत चाचपून पाहिली.