स्कूटरच्या कव्हरातली डिश

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, वर बघा! धायरीतल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. हो, तीच गंजकी डिश. टीव्ही चालू असला की माझी आठवण कुणाला होत नाही. बंद पडला की अख्खं घर माझ्या नावानं बोटं मोडतं.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. एका दिवसात बाराशे बहिणी, बारसं कुणाचंच नाही. अकरा वर्षांपूर्वी एका माणसानं मला इथं चार बोल्टांवर आवळलं, तोंड आग्नेयेला करून दिलं आणि "आता हिला हात लावायचा नाही" असं बजावून तो गेला. पण पुण्यात सूचना द्यायच्या असतात, पाळायच्या नसतात. माझ्या दांडीवर टॉवेल वाळले, मांजा गुंडाळला गेला, आणि कबुतरांचं तर विचारूच नका.

माझे मालक श्यामसुंदरकाका, विमा कचेरीतून निवृत्त. झाकणं हा त्यांचा धर्म. रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला चादर, चादर मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. श्यामलाकाकूंच्या हाताला मात्र अशी चव, की काका ताट चाटूनपुसून लख्ख करतात. कौतुक? छे हो! "मीठ बरोबर आहे" हा त्यांच्याकडचा सर्वोच्च पुरस्कार, आणि तोही दरवर्षी जाहीर होत नाही.

पावसाळ्यात माझं काय होतं ते एकदा नीट ऐका. ढग दाटले की वरूनच माझ्यापर्यंत काही पोचत नाही. मग मी खाली काय पाठवणार, कपाळ? पंधरा मिनिटं धीर धरला तर सगळं आपोआप येतं. पण काकांचा सिद्धान्त वेगळा. डिश भिजते, म्हणून बिघडते!

गेल्या महिन्यात एका वाहिनीनं काकूंना पाककृतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. त्यांनी तिथं अळूचं फदफदं केलं. गुरुवारी दुपारी चारला दाखवणार होते, तेही एकदाच. काकूंनी सांगलीपर्यंत फोन केले. काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसून बघायचं. आणि मग कसं झालं ते सांगायचं. नुसतं मीठ नाही."

काकांनी हे फारच मनावर घेतलं. गुरुवारी तीनला आभाळ भरून आलं तसे ते वर आले आणि त्यांनी मला चक्क स्कूटरचं चंदेरी कव्हर घातलं! नाड्यांना तीन-तीन गाठी. "आता कोसळ लेका किती कोसळायचं ते," असं आभाळाला आव्हानही देऊन झालं. अहो, डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी वाचतं का?

चार वाजले. खाली टीव्हीवर निळा पडदा आणि 'सिग्नल उपलब्ध नाही'. काका धापा टाकत वर. तेवढ्यात खराडीतल्या कंपनीचं काम घरून करणारा शेजारचा केदार वाळत घातलेले कपडे काढायला आला.

"काका, डिशला कव्हर? काढा आधी! सिग्नल कसा येणार?"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं कव्हर ओढलं. गाठी कुठल्या सुटतायत! हिसका बसला, कव्हर निघालं आणि मी गर्रकन सिंहगडाकडे वळले. केदार तोवर मीटिंग आहे म्हणत पळाला होता.

"दिसतंय का?" काका ओरडले.

"नाही!" खालच्या खिडकीतून काकू.

"आता?"

"नाही हो!"

एकाहत्तर वर्षांचा माणूस भर पावसात मला मिठी मारून उभा होता. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. खरं सांगते, तेव्हा माझी थट्टा कुठल्या कुठे पळाली. वाटलं, काहीतरी दिसू दे रे या बाईला. पण सिंहगडावरून फार तर पिठलं-भाकरी मिळते, चित्र कुठलं मिळायला!

साडेचार झाले. कार्यक्रमाची वेळ संपली.

"दिसलं हो!" काकू ओरडल्या. "शेवटचं सगळं दिसलं. छान दाखवलंय. या आता खाली, भिजू नका!"

साफ खोटं. टीव्हीची तार माझ्यातूनच खाली जाते. त्या अर्ध्या तासात मी एक ठिपकाही पाठवलेला नव्हता.

काकांनी मात्र सुस्कारा सोडला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि अगदी मनापासून म्हणाले, "शाबास! फार छान केलंस गं."

आता दुरुस्तीवाला सोमवारी येणार, तोवर मी सिंहगड बघत उभी आहे. तुमच्यापैकी कुणी काकांकडे जाणार असाल, तर माझा एक निरोप द्या. म्हणावं, ती शाबासकी माझी नव्हे. खाली स्वयंपाकघरात एक बाई चाळीस वर्षं तिची वाट बघतेय.