मुंजाजीरावांच्या पोटाचं औषध

सोनाजी औरंगाबादहून गावी, डोंगरकड्याला आला तो तेलाच्या बुधलीवर डोळे वटारतच, आणि जनकाबाईचं टाळकं तिथंच सरकलं. पोटचा पोरगा, पण थाट तपासणीला आलेल्या साहेबाचा. कालवणावर तवंग दिसला की ताट सरकवायचा. "माय, इतकं तेल काहून?" असं रोज. त्याची बायको बेबीबाई तर कढईपुढं चोरासारखी बसायला लागली.

"बहात्तरच्या दुष्काळात आमी रस्त्यावर खडी फोडली," जनकाबाई म्हणाली, "वरीसभर कढईला तेल लागलं न्हाई. तवा कुणी आमाला डिग्री दिली न्हाई बाबा."

सोनाजीची डिग्री मोठी होती. प्रयोगशाळेत तो संशोधन करून राहिला होता. आल्या दिवशीच त्यानं गल्लीला गोळा करून सांगितलं होतं, की जपानात बुरशीपासून एक औषध काढलंय, सेरुलेनिन त्याचं नाव. जिवाची प्रत्येक पेशी आपल्यापुरती चरबी बनवते आणि हे औषध ते कामच बंद पाडतं. काचेच्या बशीत बारीक जीव वाढवायचे, वरून औषध टाकायचं, आणि बघत बसायचं. जनकाबाई दुसरीतून उठलेली, पण कान दोन्ही शाबूत. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरीवरची बुरशी आपण उगंच फेकत आलो म्हणून हसलीही.

हसू आटलं ते माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली बाटली सापडली तेव्हा. करंगळीएवढी बाटली, तळाला पांढरी चिमूट.

"ही हितं काहून?"

"गार जागा लागते तिला," सोनाजी म्हणाला. मग हळूच, "मुंजाजीरावांसाठी आणली."

मुंजाजीराव म्हणजे हिंगोलीच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. नवं कॉलेज काढत होते, विज्ञानाचा मास्तर हवा होता. माणूस दिलदार, पण देह असा की जीपमधून उतरले की जीप चार बोटं वर यायची. एका लग्नात त्यांनी सोनाजीच्या खांद्यावर हात टाकला होता. "मास्तर, तुमी माझ्या पोटाचं बघा, मी तुमच्या नोकरीचं बघतो." शहाण्यानं हसून सोडून दिलं असतं. आमच्या शहाण्यानं प्रयोगशाळेतून चिमूट उचलली, आणि रविवारी दुपारचं जेवणाचं आवतन दिलं.

"त्या बशीतल्या जिवांचं पुढं काय होतं रे?" जनकाबाईनं विचारलं.

"वाढ खुंटते."

"मंग?"

"मंग मरतात. वरून चरबी घातली तर जगतात."

"म्हंजी तुपाचं बोट लागलं की उठून बसतात! आन मला म्हणतो तेल बंद कर. माणसाला दिलंय कुणी हे?"

"न्हाई. पण चिमूटभरानं काय होतंय? माय, नोकरी हाय ही. अशी परत येत न्हाई."

जनकाबाई उठून मसाला वाटायला बसली.

रविवारी मुंजाजीराव आले. "जयभीम, आक्का!" म्हणत पाटावर टेकले, पाट कुरकुरला. पाच भाकरी, वर तवंगाचा रस्सा, ठेचा, पुन्हा रस्सा. हात धुऊन म्हणाले, "हां मास्तर, आणा आता तुमचं जपान."

सोनाजीनं बाटली पेल्यात रिकामी केली, पाणी ओतलं, ढवळलं. मुंजाजीरावांनी हात पुढं केला आणि जनकाबाईनं मधेच पेल्यावर तळवा ठेवला.

"थांबा भाऊ. या घरची रीत हाय. चाळीस वर्सं मी लेकरांना तापाचा काढा देते. देणाऱ्यानं पयला घोट घ्यायचा, घेणाऱ्याच्या देखत. माझ्या सासूनं घालून दिलंय. सोन्या, घे."

"घ्या की मास्तर!" मुंजाजीराव मोठ्यानं हसले. "रीत कशाला मोडायची?"

सोनाजी पेल्याकडं बघत राहिला. हात काही उठेना.

दाराआडून बेबीबाई पुढं झाली. नवरा अडला एवढंच तिला दिसलं. "आत्याबाई, मी घेते की. त्याला काय होतंय?" आणि तिनं पेला उचलला.

"बेबी, न्हाई!" सोनाजी असा ओरडला की पारावरची कुत्री उठली. त्यानं झडप घातली, पेला उडाला, पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीत जिरलं.

मुंजाजीराव हसायचे थांबले. ओल्या डागाकडं बघितलं, मग सोनाजीकडं. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आक्का, जेवण झकास झालं," एवढंच म्हणाले. बाहेर जीप चार बोटं खाली बसली, आणि कॉलेजची नोकरी डोंगरकड्याच्या फुफाट्यातून निघून गेली.

सोनाजी भिंतीला टेकून बसला. "घालवलीस, माय."

जनकाबाईनं पेला उचलला, राखेनं दोनदा घासला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बायकोच्या येळी तुझा गळा बराबर उघडला. म्हंजी ठावं व्हतं तुला, पयल्यापासून. आन माझ्या हातचं जेवलेल्या माणसाला तू ते पाजायला निघाला व्हतास. उद्याच्या यष्टीनं जा, चिमूट चोरली म्हणून तुझ्या साहेबाला सांग, आन काय म्हणंल ते खाली मान घालून ऐक. मास्तर मंग हो. ज्याला सोताला घोट घ्यायची छाती न्हाई, त्याच्या हाती मी बकरीचं करडू द्यायची न्हाई, लोकाची लेकरं कुठली!"