पुंडलिकरावांच्या वेबसाइटीवरचे बैल

मी वकील नाही. दुकानदारांचे सेल्स टॅक्सचे, आणि आता व्हॅटचे, कागद करतो. पण देवळीत काळी बॅग घेऊन स्कूटरवरून उतरणारा माणूस वकीलच असतो, म्हणून पुंडलिकराव मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी ओ देतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून निघायचं, देवळीतली बाकीची दुकानं उरकायची आणि शेवटी पुंडलिकरावांकडे बसायचं, हा माझा क्रम. शेवटी अशासाठी, की तिथला चहा चांगला आणि करमणूक फुकट.

पुंडलिकरावांचा धंदा लाकडी बैलांचा. त्यांचे वडील बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाकं करायचे. बंड्या कमी झाल्या, तशी चाकं लहान होत गेली आणि त्यांच्यावर बैल उभे राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडची पोरं आपापला लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करतात. तेव्हा ज्याच्या बैलाचं वशिंड रुबाबदार, त्याची मान ताठ. देवळीत रुबाबदार वशिंड म्हणजे पुंडलिकरावांचं. बैलाच्या पाठीवरचं म्हणतोय मी.

दुकानात रीत अशी. गिऱ्हाइकानं बैल निवडला की पुंडलिकराव आत आवाज देतात. मंदाबाई, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, पदराला हात पुसत बाहेर येतात, विचारतात, "कोनाच्या नावानं?" गिऱ्हाईक पोराचं नाव सांगतं. मंदाबाई ते नाव बैलाच्या कानाशी पुटपुटतात आणि बारीक ब्रशनं दोन डोळे काढतात. मग बैल दुकानातून जातो. डोळे उघडलेला बैल दुकानात राहत नाही आणि न उघडलेला बाहेर जात नाही, हे त्यांच्या सासूनं घालून दिलेलं. देवळीत याचं कोणाला नवल नाही. मलाही राहिलं नव्हतं, आणि पुढे तेच भोवलं.

दोन हजार सहा सालची गोष्ट. बाजारात फायबरचे बैल आले होते. हलके, चकचकीत, पडले तरी शिंग मोडत नाही. त्यांचा वर्ध्याचा विक्रेता रूपराव पुंडलिकरावांच्या मागे लागला होता की देवळीची एजन्सी घ्या. पुंडलिकराव ना हो म्हणत, ना नाही. त्यांची सून गुंजन मात्र नाही म्हणत होती. ही नागपूरची पोरगी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. नवऱ्याला, म्हणजे योगेंद्रला, हाताशी घेऊन तिनं दुकानाची वेबसाइट केली होती. पुढच्या खोलीचा एक कोपरा कॉम्प्युटर ठेवायला तिला मिळाला होता.

ज्येष्ठात पुंडलिकरावांनी निकाल दिला. "राखीपर्यंत या मशीनीनं गिऱ्हाईक आनलं, त लाकडाचा कारखाना चालू. नाई त मिस्तरी लोकाईले येऊ नका मनून सांगून देतो आन् फायबरची एजन्सी घेतो. मशीन मंग काढून टाकू, तिथं माल ठेवता येईन."

 मी निघताना गुंजन दारापर्यंत आली.

"काका, मले सैपाकघराचं वावडं नाई. पन मशीन गेली की मी आत गेली, समजा. मंग मले कोन विचारते, धंद्याचं काय करायचं म्हनून?"

मला ताळेबंद लगेच दिसला. पुंडलिकरावांचा पणाला लागला होता खोलीचा एक कोपरा. पोरीचं सगळंच.

तिनं नागपूरहून भावाला बोलावलं. सुमीत वेबसाइटी तपासायचंच काम करायचा. हडकुळा पोरगा, लॅपटॉप पोटाशी धरून बसमधून उतरला. आल्या आल्या त्यानं मला खुर्चीवर बसवलं.

"काका, तुम्ही पुण्यात राहता असं समजा. या साइटवरून एक बैल विकत घ्या. बाकी कोणी बोलायचं नाही. काका अडले तरी सांगायचं नाही."

"अडला तरी सांगायचं नाई?" पुंडलिकराव म्हणाले. "मंग मी काह्यचा दुकानदार?"

"साइटलाच बोलू द्या, काकाजी."

मी बटण दाबलं. प्रथम आरती सुरू झाली, ती बंद करायची सोय नव्हती. मग पुंडलिकरावांच्या वडिलांचा फोटो वरून खाली उतरू लागला. फेटा दिसला, मिशा दिसल्या, आणि गळ्यातला हार येईपर्यंत मंदाबाईंचा चहा आला. दोन्ही बाजूंना मोर नाचत होते. त्यानंतर बैल. एकापेक्षा एक. मी एक निवडला आणि किंमत बघायला गेलो. तिथं लिहिलं होतं, 'दुकानात येऊन बोलू.'

"मी पुण्यात आहे ना?" मी विचारलं.

"या मंग!" पुंडलिकरावांना राहवलं नाही. "रेल्वे हाये ना!"

"काकाजी..."

"अरे बावा, गिऱ्हाइकाचं तोंड नाई पाह्यलं त भाव कसा सांगू मी? मास्तरले एक भाव राह्यते, ठेकेदाराले एक."

भाव सोडून मी पत्ता भरायला घेतला. मुक्काम लिहिला, पोस्ट लिहिलं. तालुका मात्र यादीतूनच निवडायचा होता आणि यादीत योगेंद्रनं वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके घातले होते. त्यापलीकडे जग नव्हतं, आणि तालुका निवडल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नव्हतं.

"पुणं कोणत्या तालुक्यात टाकू?"

"सेलूत टाका," पुंडलिकराव म्हणाले. "लय जागा हाये तिकडं."

योगेंद्र खिडकीबाहेर बघू लागला. गुंजनचे कान लाल झाले होते, पण ती वहीत लिहून घेत राहिली. सुमीत हसला नाही, हे त्याच्या जमेला धरायला हवं. त्यानं शांतपणे सांगितलं, की आरती काढा, मोर काढा, फोटो हलके करा म्हणजे लवकर उघडतील, किंमत लिहा, पत्ता सगळ्या देशाचा घ्या. आणि आजोबांना दुसऱ्या पानावर न्या.

"बापाले मागच्या खोलीत टाकू?"

"मागच्या नाही. 'आमच्याविषयी' म्हणून वेगळं पान करू. सगळं पान त्यांचंच."

यावर पुंडलिकराव विरघळले. बापाला अख्खं पान मिळत असेल तर गोष्ट वेगळी होती. किमतीपाशी ते दोन दिवस अडले आणि शेवटी चुलत्याच्या वाटणीवर सही करावी तशा चेहऱ्यानं आकडे सांगितले. बाकीचं काम गुंजननं भारनियमनाच्या मधल्या फटींमध्ये केलं. वीज आली की पोळी तव्यावर सोडून धावायची, आणि पोळी मंदाबाई उलटायच्या. सासूनं तोंडानं कधी सुनेची बाजू घेतली नाही. पोळी मात्र एकही करपू दिली नाही.

साइट आता पटकन उघडायची. लोकही येऊ लागले. सुमीत नागपूरहून ते पाहू शकायचा. आषाढ सरत आला तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, लोक बैलांच्या पानापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. भाव तर ठीक आहे. मग काय होतंय, मला समजत नाही."

ऑर्डर एकही नव्हती. रूपराव येऊन नमुन्याचा फायबरचा बैल ठेवून गेला. त्याचे डोळे कारखान्यातूनच टपोरे आले होते. पुंडलिकरावांनी तो फळीवर ठेवला नाही, पण परतही दिला नाही. मला हे लक्षण बरं वाटलं नाही.

श्रावण लागला आणि पुण्याहून मेल आली. मी तिथंच होतो. गुंजननं मोठ्यानं वाचली. लिहिणाऱ्या बाईंचं नाव इला. माहेर हिंगणघाटचं. मुलीला तान्हा पोळा दाखवायची फार हौस. 'तुमच्या बैलांची घडण सुंदर आहे. पण माझी मधू विचारते, यांना डोळे का नाहीत? रंगवायचे राहून गेले असतील तर सांगा. आणि हा सेकंड माल असेल तर तसं साइटवर स्पष्ट लिहा व भाव कमी करा.'

"सेकंड माल!" पुंडलिकराव उठूनच उभे राहिले. "डोये कसे राह्यतीन? इकला कुठं अजून?"

आम्ही सगळे पडद्याजवळ गेलो. खरंच की. चाळीस बैल एका ओळीत उभे, आणि एकालाही डोळे नाहीत. फोटो दुकानाच्या फळीवरचे, फळीवर बैल बिनडोळ्यांचेच. गुंजननं ते काढले, योगेंद्रनं चढवले, मी बटणं दाबून तपासले, आणि आमच्यातल्या एकालाही काही कमी दिसलं नव्हतं. सुमीतला फोन लावला. 

"मला दिसलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मॉडर्न आर्ट आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"अरे, बाकी सगळं वाईट वाटाचं बोलला," गुंजन ओरडली, "आन् इथंच काऊन लाजला बावा?"

पुंडलिकरावांनी उपाय लगेच काढला. चार बैलांचे डोळे उघडायचे, फोटो काढायचे, काम झालं. मंदाबाई दारात उभ्या होत्या.

"कोनाच्या नावानं?"

"फोटोच्या!"

"फोटो काय घेऊन जाईन का त्याले घरी? ज्याले नाव नाई त्याले डोये नाई. मी नाई काढत." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून पुढे कोणी वाद घातला नाही.

योगेंद्र म्हणाला, मी कॉम्प्युटरवरच काढतो. दुपारभर बसून काढले. मंदाबाईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"हा त पोलीस पाटलासारका पाहून राह्यला," त्या म्हणाल्या. "लेकरू भेईन."

योगेंद्रनं निमूटपणे पुसले.

गुंजननं तोवर पुण्याला उत्तर लिहायला घेतलं होतं. सारवासारव काही केली नाही. रीत जशी आहे तशी लिहिली: आमच्या बैलाचे डोळे तो कोणाचा हे ठरल्यावर, त्या लेकराचं नाव घेऊन उघडतात. तुमच्या मधूला कोणता बैल आवडला, ते तिलाच विचारून कळवा. भाव तोच राहील.

शेवटचं वाक्य पुंडलिकरावांनी घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मधूला डावीकडून तिसरा हवा होता, आणि डोळे उघडताना ती झोपलेली असेल तर चालेल का, असा तिचा प्रश्न होता. मंदाबाईंनी गंभीरपणे सांगितलं, चालते. नेहमीसारख्या त्या बाहेर आल्या, नाव पुटपुटलं, ब्रश टेकवला. या वेळी समोर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गुंजननं तो क्षण फोटोत धरला. एक डोळा उघडलेला, दुसऱ्यावर मंदाबाईंचा हात. तो फोटो पुण्याला गेला, मागून बैल गेला, आणि इलाबाईंनी फोटो आपल्या सगळ्या ओळखीपाळखीत फिरवला.

गुंजननं साइटवरचे बैल तसेच बिनडोळ्यांचे ठेवले. वर हा एकच फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'याचे डोळे अजून उघडायचे आहेत. कोणाच्या नावानं उघडू?' पुढे नाव लिहायची जागा. तालुक्याच्या यादीच्या जागी 'मूळ गाव' अशी रिकामी चौकट आली. गिऱ्हाइकाचं तोंड नाही तर नाही, गाव तरी कळू द्या, हा पुंडलिकरावांचा हट्ट.

मग ऑर्डरी आल्या. पुण्याच्या, ठाण्याच्या, भिलाईच्या, एक तर मस्कतची. मंदाबाई सकाळीच नावं वाचून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे कसं नाव? याचा उच्चार सांग वं माय, बैलाले चुकीचा ऐकू जाईन." मिस्तरी जेवणाची सुट्टी कमी करू लागले.

राखीच्या आदल्या दिवशी रूपराव उत्तर न्यायला आला. मी कागद पसरून बसलो होतो. पुंडलिकराव फोनवर होते. बंगलोरच्या एका गिऱ्हाइकानं नावाची जागा कोरी सोडली होती, आणि मंदाबाईंनी तो बैल बाजूला ठेवला होता.

"हो जी, देवळीहून बोलतो. लेकराचं नाव राह्यलं तुमचं... लेकरू नाई? मंग पुतन्या, भाचा...?" पुंडलिकराव ऐकत राहिले. त्यांचा आवाज खाली आला. "बरं, बरं. लाजता काह्यले? तुमचंच नाव सांगा... हरिहर. आन् गाव? आर्वी! सांगा ना मंग आधी."

फोन ठेवून त्यांनी आत आवाज दिला, "हरिहर! वय पंचावन!"

"वयाचं काय करते बैल?" आतून उत्तर आलं, पण मंदाबाई ब्रश घेऊनच आल्या.

रूपराव हे सगळं बघत होता. डोळे झाले, बैल खोक्यात गेला, गुंजननं पत्ता चिकटवला. पुंडलिकरावांनी फायबरचा बैल फडक्यानं पुसला आणि रूपरावासमोर ठेवला. "चहा घेऊन जा," म्हणाले. रूपराव धंद्यातला माणूस, त्याला एवढं पुरलं. चहा प्यायला, नमुना पिशवीत टाकला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"तो कोपऱ्यातला बैल... नातीसाठी मन्लं. सुमित्रा नाव हाये. भाव काय धरसान?"

उभ्या आयुष्यात पुंडलिकरावांनी तोंड पाहिल्याशिवाय भाव सांगितला नव्हता. आता समोर चांगलं ओळखीचं तोंड होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गुंजनच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"कॉम्पुटरवर लिवून हाये, भाऊ. त्यात आपल्याले काही कमी करता येत नाई. सूनबाईले इचारा."

गुंजननं मान वर केली, रूपरावाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि भाव सांगितला. साइटवर होता तोच. मंदाबाईंनी सुमित्राच्या नावानं डोळे उघडले आणि बैल निघाला. भाव कमी पुंडलिकरावांनी केला, रूपराव पायरी उतरल्यावर, त्याच्या मागे जाऊन, सून पाहत नाही असं समजून.