मास्तरांचे रविवार

मित्रांनो, मला कपाटात ठेवता येत नाही, भिंतीवर टांगता येत नाही आणि फडक्याने पुसून लख्खही करता येत नाही. तरीही मी आहे. मी एक जुने संकेतस्थळ आहे, एका शिंप्याचे. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत नाव लिहिले आहे, ‘उसवलं? आणा इकडे!’ ते वाचून लोक अजून हसतात. हसू दे त्यांना. ज्यांनी ते नाव ठेवले त्यांची हकिकत मात्र आता हसण्यासारखी राहिलेली नाही. तीच सांगायला आज तुमच्यापुढे उभा राहिलो आहे. जरा मन लावून ऐका.

माझ्या धन्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. देवाचे नाव घेतल्याशिवाय त्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही, आणि काम हातात असले की त्यांचे गुणगुणणे कधी थांबले नाही. पुढे गुडघे कुरकुरू लागले, यंत्राचा पायटा चालवणे जमेना, आणि दुकान बंद करावे लागले. पण हात काही स्वस्थ बसेनात. घरातल्या उशांचे अभ्रे ते उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. त्यांची एकुलती एक लेक छापखान्यात पानांची मांडणी करायची. घरात तिला ठकू म्हणत. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापाला रागवायचा अधिकारही तिच्याकडेच होता.

एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, त्या अभ्र्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? सोडा त्यांना. तुम्हाला जे येतं ते लोकांना सांगा. मी तुम्हाला एक जागा करून देते.”

ती जागा म्हणजे मी.

माझा जन्म सोपा नव्हता. त्या वेळी माझे एकेक पान हाताने बांधावे लागे. ठकू दर रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची, चप्पल काढता काढताच संगणक चालू करायची, आणि मग बापलेक शेजारी शेजारी बसायचे. मास्तर बोलायचे, ठकू लिहायची. वाक्याच्या मागेपुढे खुणांचे कंस घालायचे, चित्र कापून बेताचे करायचे, मग सगळे वर चढवायचे. एक कंस चुकला की पूर्ण पान वाकडे.

“एवढे कंस कशाला गं?” मास्तर चष्मा पुसत विचारायचे.

“उघडला की बंद करावा लागतो, बाबा. नाहीतर सगळं पान सरकतं.”

“म्हणजे काज केलं तिथं बटण लावायचं. सरळ असं सांग की! उगाच विद्वान होतेस.”

“विद्वान मी? काल ‘अस्तर’ या विषयावर तासभर कोण बोललं?”

“तुझ्या नवऱ्याच्या कोटाचं अस्तर बघितलंस का? बोलावंच लागलं.”

असे चालायचे. दुपार व्हायची, चहा व्हायचा, निवलेला चहा पुन्हा गरम व्हायचा. संध्याकाळी कधीतरी माझे एक पान जगापुढे जायचे. रफू कसे करावे, शर्टाची झिजलेली कॉलर उलटवल्यावर नवी कशी दिसते, अडकलेली चेन साबणाच्या वडीने कशी सुटते. एक पान, आणि त्यापायी अख्खा रविवार.

त्या काळात माझे कौतुकही पुष्कळ झाले. कोणी वसतिगृहातली मुलगी लिहायची, ‘मास्तर, पहिल्यांदा स्वतःचं बटण लावलं, आईला फोटो पाठवला.’ जहाजावरचा एक खलाशी लिहायचा, ‘भर समुद्रात पँट फाटली, तुमच्यामुळे लाज राखली.’ मास्तर अशी पत्रे मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, “ठकू, देवानं दुकान बंद केलं नाही गं. नुसती जागा बदलली.”

मग ठकूच्या कामाचा व्याप वाढला. छापखान्यात तिला वरची जागा मिळाली, घरी सासूबाई आजारी पडल्या. दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी ती धापा टाकत आली आणि एक नवे साधन घेऊन आली. तयार साचा, लिहायला एक साधी चौकट, चित्र बोटाने ओढून आत टाकायचे, खाली एक बटण. कंस नाहीत, खुणा नाहीत. पुढच्या आठवड्याचा लेख आज लिहून ठेवला तर तो नेमल्या वेळी आपोआप बाहेर पडणार. वाचकांची पत्रेही आपोआप एका बाजूला गोळा होऊन राहणार.

“बघा बाबा, पाच मिनिटं! आता तुम्हाला माझी वाट बघायला नको. तुमचे तुम्ही राजे.”

मास्तरांनी बटण दाबले. पान झळकले. ठकूने टाळी वाजवली.

“छान आहे,” मास्तर म्हणाले. “फारच लवकर झालं.”

मित्रांनो, त्या साधनाला मी नावे ठेवणार नाही. त्याने मला तरुण केले. मी झटपट उघडू लागलो, माझी पाने सरळ झाली, वाचक वाढले. ठकूने ते प्रेमानेच आणले होते. पण देवाने माणसाला सगळे दिले, तरी वाचवलेला वेळ साठवायला डबा दिला नाही. तो वेळ कुठे झिरपला कोणास ठाऊक. रविवार येत राहिला, ठकू येईना. फोन यायचा, “बाबा, पान बघितलं हं. छान जमलंय. आता काही अडत नाही ना?”

“छे, काय अडायचंय.”

मास्तर सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. पाच मिनिटांत काम व्हायचे. त्यानंतर समोर अख्खा रविवार उरायचा, आणि त्याचे काय करायचे ते साधनाने सांगितलेले नव्हते.

आणि एके दिवशी त्यांनी मला उसवायला घेतले.

तुम्ही शिंप्याला उसवताना पाहिले आहे का? तो कापडाला धक्का लावत नाही. एकेक टाका अलगद कापतो, दोरा ओढून काढतो, म्हणजे नंतर तिथेच पुन्हा शिवता येते. मास्तरांनी तसेच केले. लेखातले चित्र आधी नीट जपून ठेवले, मग पानातून काढले, आणि फोन लावला. “ठकू, चित्र गेलं गं. काय झालं कळत नाही.”

ठकूने घरी बसल्या बसल्याच ते परत लावले. “झालं बाबा! यायचीसुद्धा गरज नाही. आहे की नाही गंमत?”

“हो, गंमतच.”

मग मास्तर हुशार झाले. पुढच्या वेळी त्यांनी माझा परवलीचा शब्दच बदलला आणि ‘विसरले’. फोनवर आलेले आकडे वाचून दाखवा म्हटले तर यांना आकडे दिसेनात. शेवटी ठकूला यावे लागले. येताना सफरचंदे आणली, पंख्यावरची धूळ पुसली, दोन तास बसली. मास्तर त्या दिवशी तोंडाने गुणगुणत होते. मी वाकडातिकडा पडलो होतो, पण मित्रांनो, इतके सुख मला सरळ असताना कधी झाले नव्हते.

असे बरेच दिवस चालले. एका रविवारी ठकू न सांगता आली. तिच्याकडे जादा किल्ली होती. मास्तर संगणकापुढे बसले होते आणि सराईत बोटांनी, चष्मासुद्धा न घालता, माझ्या मुखपृष्ठाची मांडणी उलटी करत होते.

“बाबा!”

मास्तरांचा हात तिथेच थांबला.

“हे काय चाललंय?”

“ते... आपोआप झालं.”

“आपोआप? माझ्यासमोर? अहो, छापखान्यातली पोरंसुद्धा इतक्या सफाईनं करत नाहीत!” ती इतकी हसली की खालीच बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. “यायला हवं होतं तर नुसतं ‘ये’ म्हणायचं ना.”

“म्हटलं होतं. ‘ये’ म्हटलं की तू ‘बघते’ म्हणतेस. बिघडलं म्हटलं की येतेस.”

ठकूने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. नंतर बराच वेळ ती बापाच्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्यापुढचे काही रविवार ती नेमाने आली. मग सासूबाईंचे दुखणे वाढले, कामाचा हंगाम आला, आणि रविवार पुन्हा फोनवर गेले.

आता पुढचे सांगताना माझा शब्द अडखळतो आहे.

मास्तरांच्या हातून चुका होऊ लागल्या. कॉलरचा लेख आला, आणि पुढच्या आठवड्यात तोच लेख पुन्हा आला. रफूच्या पानावर चेनचे चित्र पडले. एकदा नुसतेच ‘सुई घ्यावी आणि’ एवढे तीन शब्द जगापुढे गेले. हे उसवणे नव्हते. उसवताना शिंपी काय काढले ते जपून ठेवतो. इथे काहीच जपलेले नव्हते. हे फाटणे होते. ते मला कळत होते, पण मला तोंड कुठे होते? वाचक विचारत होते, ‘मास्तर बरे आहेत ना?’ ती पत्रे आपोआप बाजूला गोळा होत होती. मास्तर ती उघडून बघायचे विसरले होते आणि ठकूला वाटत होते, ते बघतात.

तिचा फोन यायचा तो हसतच. “काय मास्तर, नाटकाचा दुसरा अंक का?”

“नाटक नाही गं. मला खरंच...”

“कळलं, कळलं! हा हंगाम संपू दे, मग दोन दिवस राहायलाच येते. तोवर आणखी काही मोडू नका.”

एके दुपारी छापखान्यात डबा खाताना तिने सहज मला उघडले. बटण कसे लावावे, हा लेख त्या दिवशी नवा आला होता. त्यात मास्तरांनी लिहिले होते, दोरा कापड चुरगळेपर्यंत ओढावा, आणि शेवटी गाठ मारू नये, तसाच सोडून द्यावा.

ठकूने घास खाली ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारले, “काय झालं?”

“माझे बाबा नाटक करतील,” ती म्हणाली, “मला फसवतील. पण लोकांना चुकीचा टाका शिकवणार नाहीत. मेले तरी नाही.”

ती तशीच उठली. बाबांच्या घरी पोहोचली तेव्हा मास्तर दारातच उभे होते, शर्टाला एकही बटण नव्हते, आणि सगळी बटणे त्यांच्या मुठीत होती. “ही कुणाची आहेत?” त्यांनी विचारले. त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही.

डॉक्टर म्हणाले, आजार हळूहळू आला असणार, थोडे आधी कळते तर बरे झाले असते. ठकूने मान डोलावली. तिने कोणालाच दोष दिला नाही, मलाही नाही. तो सगळा तिने स्वतःकडे ठेवला.

आता ती दर रविवारी येते. मला सोपे करणारे ते साधन तिने बाजूला ठेवले आहे आणि माझी पाने पुन्हा हाताने बांधते, एकेक कंस उघडत, एकेक कंस मिटत. मास्तर शेजारी बसतात. कधी एखादे वाक्य अगदी बरोबर सांगतात, आणि ती ते घाईघाईने टिपून घेते. कधी नुसते पडद्याकडे बघत राहतात. परवा त्यांनी फार अदबीने विचारले, “ताई, तुम्हाला किती वेळ लागेल याला?”

“बराच लागेल,” ती म्हणाली. “दिवस जाईल. घाई आहे का तुम्हाला?”

“नाही हो. मला कुठं जायचंय?” मास्तर म्हणाले. “सावकाश करा.”

मित्रांनो, माझ्यासारख्यांचे काम पाच मिनिटांत होत असेल तर जरूर पाच मिनिटांत करा. सोपी साधने वापरा, त्यात काही पाप नाही. माझे मागणे एवढेच आहे, की उरलेला वेळ हातात घेऊन लगेच उठा आणि ज्याच्यासाठी तो वाचवलात त्याच्या दारी जा. काही बिघडण्याची वाट पाहू नका. तो अजून तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारतो आहे, तोवर जा.